वाफेवर फोडलेलं खापर

आमच्या घरात रोज चौदा माणसं जेवायची. ती जेवायची बंद झाली त्याला कारण एक बाटली होती. ते कारण सगळ्यांत आधी ज्यांना कळायला हवं होतं त्या माझ्या वडिलांनी ते आजपर्यंत तोंडाने कबूल केलेलं नाही. हे लिहिताना मला राग येणार, हे मला माहीत आहे. पन्नाशीकडे झुकलेय, रक्तदाबाची गोळी चालू आहे, नवरा म्हणतो कशाला त्या जुन्या गोष्टी उकरतेस. पण हा राग मी इतकी वर्षं नीट सांभाळलाय, आणि आता तो शांत, समजूतदार आवाजात सांगितला तर मीच खोटी ठरेन.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. बाबा गिरणीच्या सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी रांगत होते, त्यामुळे गिरणीचा भोंगा मला आठवत नाही. मला आठवतो तो आईच्या रॉकेलच्या स्टोचा आवाज. पहाटे पाचला ती पंप मारायची, स्टो आधी खोकायचा, मग भर्रर्र करत एका सुरात लागायचा, आणि त्या आवाजावर आमचं घर चालायचं. गावाकडून आलेले, बायकामुलं तिकडेच ठेवून इथे एकेका खोलीत दहा-दहा जण राहणारे पुरुष आईच्या खानावळीत जेवायचे. कुणी वॉचमन, कुणी गोदामात, कुणी कुरियरवाला. सकाळी आठ जणांची एक पंगत, संध्याकाळी सहा जणांची दुसरी. खोलीत पाट मांडले की मला अभ्यासाला जागा उरायची ती दाराच्या उंबऱ्यावर. मांडीवर पुस्तक, आणि पाठीमागे भाकऱ्या थापल्याचे आवाज. बुधवारी-शुक्रवारी बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं ठेचून घातलेली. रविवारी कोंबडी-वडे. सोमवारी काळ्या वाटाण्यांची उसळ आणि सोलकढी. आई भात मोठ्या टोपात रटरटवायची आणि पेज बाजूला काढून मला आधी वाटीभर द्यायची, वर मिठाची चिमूट. त्या खोलीत वाफ कायमची होती. भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींच्या काचा दुपारपर्यंत घामेजलेल्या असायच्या. त्या वाफेवर मी वाढले, माझी फी भरली गेली, बाबांचे चष्मे झाले.

बाबा खिडकीशी बसायचे. गिरणी गेल्यावर त्यांनी काही वर्षं फर्निचरची किरकोळ कामं केली, पण त्यांचा जीव होता गळाने मासे गरवण्यात. शिवडीच्या खाडीवर, वरळीच्या खडकांवर ते गळ घेऊन जायचे. एकदा तिथे कुणा श्रीमंत गृहस्थाकडे त्यांनी परदेशी नकली मासा पाहिला. लाकडी, रंगवलेला, तोंडाला प्लास्टिकची पारदर्शक जीभ, पोटाला तिहेरी गळ. पाण्यात ओढला की जखमी मासळीसारखा अंग झटकत पोहायचा, आणि जिताड्यासारखा खाडीतला मोठा मासा त्यावर झेप घ्यायचा. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि घरी येऊन तसाच कोरला. त्यांचा हात विलक्षण होता, ते मी नाकारत नाही. गावाहून मागवलेलं पांगाऱ्याचं हलकं लाकूड, पोटात शिशाचा गोळा, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चिकटवून अंगाला चमक, नेटच्या कापडातून रंग फवारून खवले. आणि ह्या सगळ्यावर शेवटी इपॉक्सीचा पारदर्शक कोट. दोन बाटल्या असायच्या, एक रेझिनची, एक हार्डनरची. दोन्हीतलं मापून एकत्र घोटायचं, ब्रशने माशावर चढवायचं, आणि ओघळ येऊ नये म्हणून तो सुकेपर्यंत सावकाश फिरवत ठेवायचा. त्यासाठी बाबांनी जुन्या पंख्याच्या मोटरवर एक फिरकी बनवली होती. तिला आठ मासे टांगलेले असायचे आणि ती दिवसभर कर्र कर्र करत फिरायची. कोट जमला की मासा ओला वाटायचा, आत्ताच पाण्यातून काढल्यासारखा.

हे मासे विकत घ्यायचे नाबर साहेब. गिरगावात त्यांचं गरवण्याच्या सामानाचं दुकान होतं. गोरेपान, इस्त्रीचा सदरा, बोलणं अगदी पुण्याकडचं. त्यांनी पहिले सहा मासे काउंटरवर रांगेने मांडले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मेस्त्री, तुम्ही कारागीर नाही, कलाकार आहात." बाबांनी ते वाक्य घरी आणलं. आईला सांगितलं, मला सांगितलं, संध्याकाळच्या पंगतीला सांगितलं. कोट चढवायचं सामानही साहेबांनीच द्यायला सुरुवात केली. "बाहेरचं घेऊ नका, मी तुम्हाला चांगल्यातलं देतो," म्हणून ते दुकानातून लहान बाटल्या भरून द्यायचे.

पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं, तेव्हा कोट बिघडायला लागला. संध्याकाळी चढवलेला कोट सकाळी बघावा तर काचेसारखा असायच्या ऐवजी दुधाळ. आतले खवले, चंदेरी चमक, इतक्या मेहनतीने काढलेला डोळा, सगळ्यावर पांढुरकी साय. बाबा मासा खिडकीत धरून म्हणाले, "मोतीबिंदू पडलो ह्येका." पुढच्या खेपेला पुन्हा तेच. साहेबांनी अख्खी खेप परत केली आणि सोबत कारणही दिलं. "मेस्त्री, तुमच्या त्या चाळीत दमटपणा फार. त्यात घरात खानावळ. वाफेत इपॉक्सी कधी साफ सुकत नाही. बघा काहीतरी करा."

बाबांनी केलं. घरी आले, चप्पल काढली नाही, थेट स्टोपाशी गेले आणि तो विझवला. टोपातला भात अर्धा शिजलेला. आई भाकरीचं पीठ मळत होती.

"तुझ्या भातान माझो मासो आंधळो केल्यान!" बाबा ओरडले. "वाफ बंद कर आधी ती!"

"अहो, सहा जण येतील आता," आई म्हणाली.

"येवंदेत. बाहेर शिजव."

तिने बाहेर शिजवलं. पंधरा दिवस ती गॅलरीत स्टो घेऊन बसत होती. येणाजाणाऱ्यांचे पाय तिच्या टोपाला लागायचे, वाऱ्याने स्टो विझायचा, शेजारच्या खोलीतल्या बाईंनी धुराची तक्रार केली ती वेगळीच. आई पदराने वारा अडवत बसलेली असायची आणि आत, तिच्याच घरात, आठ लाकडी मासे पंख्याच्या मोटरवर झुलत असायचे. मी कॉलेजातून यायचे तेव्हा ते दृश्य आधी दिसायचं. मी बारावी सायन्सला होते, आणि माझ्या डोक्यात आधी एवढंच यायचं की ती फिरकी उचलून खाली गटारात फेकावी. मी फेकली नाही. का नाही फेकली, ह्याचाही मला राग येतो.

मासे तरीही दुधाळच होत होते. मग बाबा म्हणाले, गॅलरीतली वाफ दारातून आत येते. चाळीच्या सेक्रेटरीनेही गॅलरीत स्टो नको म्हणून सांगितलं. एका शनिवारी बाबांनी फैसला सुनावला, खानावळ बंद. आई वाद घालत नव्हती कधी. तिने एकच विचारलं, "आणि खायचं काय?" बाबा म्हणाले, "साहेबांची मोठी ऑर्डर येतली. एकदा कोट साफ झालो काय तुका शिजवूची गरजच नाय." त्यांना खरंच वाटत होतं की ते तिला काहीतरी चांगलं देतायत. हे आज मला कळतं, आणि कळून राग जराही कमी होत नाही.

त्या संध्याकाळच्या पंगतीत आईने वाढताना सांगितलं. दळवीमामा म्हणून एक म्हातारे वॉचमन होते, मी जन्मायच्या आधीपासून आमच्याकडे जेवणारे. त्यांचा घास हातात तसाच राहिला.

"वैनी, आमचा काय चुकला?"

"तुमचा काय नाय चुकला, मामा. ह्यांचा काम असता घरात."

मामांनी खिडकीकडे बघितलं. बाबा पाठ करून बसले होते, हातातल्या माशाला पॉलिशपेपर मारत. जेवून उठताना त्यांनी आपलं ताट स्वतः मोरीत नेऊन घासलं. इतक्या वर्षांत आईने कुणाला ताट उचलू दिलं नव्हतं. बाकीच्या पाचांनीही मग तेच केलं. आई टोपाशी उभी होती आणि तिचे हात रिकामे होते. मी उंबऱ्यावर होते, केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं होतं, आणि मला एक अक्षर दिसत नव्हतं.

खानावळ बंद झाली. घर इतकं गप्प झालं की फिरकीची कर्र कर्र कानात टोचायला लागली. आणि मासे दुधाळ. आता चार माणसांचंही शिजत नव्हतं, तरी दुधाळ. बाबांनी मग आईच्या ओल्या साड्या आत वाळत घालायच्या बंद केल्या. मग मी न्हाल्यावर मोरीचं दार उघडं ठेवायचं नाही. मग आईने केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा वास नको. एका सकाळी ते म्हणाले, तुम्ही दोघी बोलता ना कोटाच्या वेळी, तोंडाची वाफ. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ओरडले नाही. मी वही काढली.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आम्हाला शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि मग बघायचं. मी बाबांच्या कचऱ्यातून पांगाऱ्याच्या चकत्या गोळा केल्या. त्यांना एकच रंग दिला, तो दोन दिवस वाळू दिला. एका सकाळी बाबांनी कोट कालवला तेव्हा वाटीच्या तळाशी राहिलेला मी उचलला आणि चकत्यांवर लावला. एक घरात ठेवली. एक चाळीच्या गच्चीवर, पत्र्याच्या डब्यात. एक डबीत घालून भायखळ्याला मावशीकडे नेली. तिची खोली चौथ्या मजल्यावर, दोन्हीकडून ऊन, आणि ती एकटी राहायची, शिजवायची जेमतेम. एक कॉलेजच्या लॅबमधल्या कपाटात. दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरून चकत्या परत आणल्या. सगळ्या दुधाळ. मावशीची तर घरच्यापेक्षा जास्त.

त्या चकत्या मी आमच्या प्रॅक्टिकलच्या बाईंना दाखवल्या. कडक होत्या, कुणाशी फार बोलायच्या नाहीत. त्यांनी एक चकती उचलली, ओल्या फडक्याने जोरात पुसली आणि उजेडात धरली. "बाहेरच्या दमटपणाने येते ती साय वरच असते, पुसून जाते बरीचशी," त्या म्हणाल्या. "ही आतून आहे. मालातच खोट आहे. बाटल्या आण."

मी दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्या दप्तरातून नेल्या. बाईंनी हार्डनरची बाटली उघडली आणि तिच्या तोंडाशी नख फिरवलं. पांढरा चुरा पडला. आतलं द्रावणही नितळ नव्हतं. "हे उघडं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "हे हवेतलं पाणी ओढतं, कार्बन डायऑक्साइडही ओढतं. शिळं झालं की कुठेही नेऊन लाव, असंच होणार. सीलबंद घे आणि करून बघ."

मावशीने लोहार चाळीच्या बाजारातून मला सीलबंद जोडी घेऊन दिली. मी दुपारी बाबा खाडीवर गेलेले असताना घरी बसले आणि आईला म्हटलं, "मोठा टोप लाव."

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. भात लाव. खळखळून उकळू दे."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि पुढे काही न विचारता फळीवरचा टोप खाली काढला. स्टो पेटला. कितीतरी दिवसांनी तो भर्रर्र आवाज घरात आला आणि मला रडू फुटलं, पण हात चालू ठेवले. पाच चकत्या केल्या. एक अगदी टोपाशेजारी, बाकीच्या थोड्या थोड्या अंतरावर, शेवटची खिडकीत, जिथे फिरकी असायची. तसबिरींच्या काचा पुन्हा घामेजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपाजवळच्या चकतीवर किंचित धूसर पापुद्रा होता, हे मी लपवणार नाही. तो ओल्या फडक्याने निघाला. बाकीच्या चार लखलखीत. खिडकीतल्या चकतीत मला माझं नाक दिसत होतं.

मी त्या बाबांसमोर ठेवल्या. जुन्या एका बाजूला, नव्या दुसऱ्या. काय केलं ते सांगितलं. बाबांनी एकेक उचलून बघितली, अंगठा फिरवला. त्यांच्यासारख्या माणसाला समजायला दोन मिनिटं लागली नसतील. मग म्हणाले, "साहेबांचो माल खराब असूचो नाय."

"बाबा, हे डोळ्यांनी दिसतंय."

"त्ये मोठ्या धंद्यातले माणूस. तू काय माका शिकवतंस?"

"मग मला तिथे घेऊन चला. मी त्यांना विचारते."

ते तयार झाले ह्याचं मला आश्चर्य वाटलं होतं. आता वाटतं, माझी तिथे जिरेल अशी त्यांची खात्री होती.

रविवारी सकाळी आम्ही गिरगावात गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघून स्मित केलं. "ही कन्या का? बारावी सायन्स? वा." मी चकत्या काउंटरवर मांडल्या आणि सगळं सांगितलं. मावशीची खोली, लॅबचं कपाट, बाईंनी केलेली तपासणी, उकळता भात. मी घाबरले होते, पण नीट बोलले. साहेबांनी चकत्यांना हातही लावला नाही.

"बाळ, हे शाळेतले प्रयोग झाले," ते म्हणाले. "मी बावीस वर्षं ह्या धंद्यात आहे. ह्या कामाला जागा लागते, स्वच्छता लागते. एका खोलीत चूल, मोरी, माणसं, आणि तिथेच फिनिशिंग. होत नाही ते. मी मेस्त्रींना आधीच सांगितलं होतं. तुमच्या लोकांच्या घरात…" इथे ते थांबले आणि पुन्हा हसले.

तेव्हा मला तो डबा दिसला. साहेबांच्या मागे, खालच्या फळीवर, पाच लिटरचा पत्र्याचा डबा. त्यावर आमच्या हार्डनरच्या बाटलीवर लिहिलेलंच नाव छापलेलं. झाकण नव्हतं. तोंडात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला, आणि तोंडाभोवती तोच पांढरा थर, खरवडून काढता येईल इतका जाड.

"तो डबा कधीपासून असा उघडा आहे?" मी विचारलं.

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. मी बाबांकडे बघितलं. बाबा डब्याकडे बघत होते. लाकडातली केसाएवढी चीर हाताने ओळखणारा तो माणूस त्या डब्याकडे चांगला निरखून बघत होता. त्यांनी बोळा पाहिला, थर पाहिला. त्यांना कळलं. त्यांना कळलेलं मी पाहिलं. आणि मग त्यांनी हात जोडले.

"पोर आहे, साहेब," ते म्हणाले. साहेबांशी ते नेहमी शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे. "मनावर घेऊ नका. तिला समजत नाही. वाफेचं मी बघतो."

"बाबा, तो डबा बघा ना!"

"चल."

"तुम्ही बघितलात!"

"चल म्हटलं ना!" त्यांनी माझा दंड धरला तो गल्लीच्या टोकापर्यंत सोडला नाही. माझ्या चकत्या काउंटरवरच राहिल्या.

बसमध्ये ते शेजारी बसले. मग म्हणाले, "असा तोंडावर बोलायचा नसता. एवढो मोठो माणूस आपल्याक मान देता."

"आणि आई?" मी म्हटलं. "तिने काय दिलं नाही तुम्हाला?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. भायखळ्याचा पूल उतरेपर्यंत, लालबागचा स्टॉप येईपर्यंत, बाहेरच बघत राहिले. पंचवीस वर्षं जिने जेवू घातलं तिच्या भातावर त्यांना लगेच संशय घेता आला होता. ज्याने एकदा कलाकार म्हटलं, त्याच्या उघड्या डब्यावर डोळ्यांदेखत घेता आला नाही. मी आयुष्यात पुढे पुष्कळ अन्याय पाहिले, नोकरीत सोसलेही. इतका स्वच्छ उजेडात, दोन हातांवर झालेला दुसरा पाहिला नाही.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती. मी चप्पल काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं. रडत, ओरडत, शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या तरी थांबले नाही. आईने सूप बाजूला ठेवलं आणि बाबांना विचारलं, "डबो उघडो होतो?"

"असात."

"तुम्ही बघितलात?"

आई वाट बघत राहिली. तिने पुन्हा विचारलं नाही, नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. शेवटी बाबाच म्हणाले, "बरा, आता खानावळ सुरू कर परत. माझी काय हरकत नाय."

माझी आई ओरडलेली मी तोवर ऐकली नव्हती. ती उठली. मांडीवरचे तांदूळ जमिनीवर सांडले.

"हरकत? तुझी हरकत कोणी विचारली? तू कोण रे हरकत घेणारो?"

तिने बाबांना 'तू' म्हटलं. सगळ्या जन्मात एकदाच. गॅलरीत कुणीतरी पोरांना हाका मारत होतं ते बंद झालं. आई मग खाली बसली आणि सांडलेले तांदूळ एकेक करून वेचायला लागली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू दे, संगे. मी वेचतंय."

खानावळ पुन्हा सुरू झाली नाही. चौदातले बहुतेक जण तोवर दुसरीकडे लागले होते. दळवीमामा दोन खोल्या पलीकडे जेवायला जायचे, आणि आमच्या दारावरून जाताना मान खाली घालायचे. आईने परळच्या एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायचं काम धरलं. स्वतःच्या स्टोवर स्वतःच्या हिशेबाने शिजवणारी बाई वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या ओट्याशी आठ तास उभी राहायला लागली. तिचे पाय सुजायचे. ती निवृत्त होईपर्यंत तिथेच होती. बांगड्याचं तिखलं घरी व्हायचं, पण चार तुकड्यांचं.

आणि बाबा? महिन्याभरात त्यांचे मासे आरशासारखे झाले. एके दिवशी कोपऱ्यात मला लोहार चाळीतल्या दुकानाची पिशवी दिसली, आत सीलबंद जोडी. ते स्वतः जाऊन घेऊन आले होते. मला काही बोलले नाहीत, आईला नाहीत, साहेबांना तर नाहीतच. साहेबांना ते मासे देतच राहिले. साहेब म्हणाले म्हणे, "बघा, मी सांगितलं होतं ना, वाफ बंद केली आणि काम सुधारलं." बाबांनी तेही वाक्य घरी आणलं. मी ताट तसंच ठेवून उठले. आई जेवत राहिली.

मी पुढे केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं, एका रंगाच्या कंपनीत तपासणी खात्यात लागले. लोक विचारतात आवड कशी लागली. मी सांगते, घरातूनच.

बाबा आता ऐंशीला टेकलेत. हात कापतो, त्यामुळे मासे बंद झाले, पण गरवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव आहे. गेल्या वर्षी वडाळ्याचे एक गृहस्थ, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, हौसेने मोबाइलवर व्हिडिओ करणारे, त्यांची मुलाखत घ्यायला आले. मी योगायोगाने माहेरी होते. बाबा खिडकीशी बसले, समोर जुने मासे मांडले. गृहस्थांनी विचारलं, "मेस्त्री, कोट इतका नितळ कसा यायचा तुमचा? आमचा सारखा दुधाळ होतो."

बाबा सावकाश म्हणाले, "सुरुवातीला माझोही व्हायचो. घरात खानावळ होती ना. वाफ. ती बंद केली, मग साफ झालो."

मी पलंगावर होते. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी आईचा आवाज आला. ती खाली बसून जवळा निवडत होती, मान वर न करता.

"वाफ नव्हती," ती म्हणाली. "बाटली शिळी होती. दुकानात डबो उघडो होतो. ह्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलो, आणि घरी येऊन सांगितला नाय. माझी खानावळ फुकट बंद केली."

गृहस्थ गोंधळले. मोबाइल त्यांच्या हातात तसाच चालू होता. बाबांनी एक मासा उचलला, खिडकीत धरला आणि त्याच्या पोटावरून बोट फिरवत राहिले. "जुना झाला ता आता," ते म्हणाले.

"माका नाय झाला," आई म्हणाली, आणि जवळ्यातला खडा काढून बाजूला टाकला.

महिन्याने व्हिडिओ आला. मी तो माझ्या घरी बसून पूर्ण पाहिला. बाबा छान दिसतात. मासे फार छान दिसतात. मग वाफेचं ते वाक्य येतं, खाली मोठ्या अक्षरांत लिहूनही दाखवलंय, आणि त्यानंतर लगेच शिवडीच्या खाडीचं दृश्य. मध्ये काही नाही.

त्या रविवारी आईला भेटायला गेले. बाबा पलंगावर झोपले होते. आईने विचारलं, "आला काय गो ता? मी आसंय त्यात?"

"नाहीस," मी म्हटलं. "तुझं बोलणं कापलंय. वाफेचं ठेवलंय."

तिने मान हलवली. पदराने चष्मा पुसला, परत लावला आणि पलंगाकडे बघितलं.

"मग ह्यांका दाखवू नको," ती म्हणाली. "खूश होतील."

मी दाखवला नाही.